तिसरीचा निकाल पहिलीच्या वर्गात दुरुस्त होतो

वाचकाचं पत्र

मी न्यू जर्सीतल्या एका चार्टर स्कूलमध्ये (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेत) साहाय्यक मुख्याध्यापिका आहे. किंडरगार्टन ते पाचवी असे आमचे वर्ग. वाचन-लेखनाची जबाबदारी माझ्यावर आणि एका स्टाफ डेव्हलपरवर, म्हणजे शिक्षकांना वर्गात मदत करणाऱ्या कोचवर, आहे. राज्याच्या परीक्षेत तिसरीची निम्म्याहून जास्त मुलं मागे पडतात. गेल्या वर्षी फोनिक्सचा (अक्षर आणि आवाज यांच्या नात्यातून वाचन शिकवण्याचा) नवा संच घेतला, ऑगस्टमध्ये शिक्षकांचं दोन दिवस प्रशिक्षण झालं, आणि दिवाळीपर्यंत सगळं पुन्हा पहिल्यासारखं. जुने शिक्षक म्हणतात, ‘दर दोन वर्षांनी काहीतरी नवं येतंच.’ चार्टरचं, म्हणजे शाळा चालवण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण दोन वर्षांवर आलंय, म्हणून मुख्याध्यापकांचं म्हणणं, सगळा जोर तिसरीवर लावा. त्यात माझं शिक्षण दहावीपर्यंत सांगलीला मराठी माध्यमात झालेलं. इंग्रजी वाचायला कसं शिकवायचं हे मी अमेरिकन शिक्षकांना काय सांगणार, असंही मनात येतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर

सगळा जोर तिसरीवर लावू नका. तिसरीचा निकाल म्हणजे आधीच्या तीन वर्षांचं बिल असतं. परीक्षेचा वर्ग म्हणून शाळेतली सगळ्यात तयारीची शिक्षिका पहिलीतून उचलून तिसरीत बसवायची, आणि पहिली एखाद्या नवख्या शिक्षकाच्या हाती द्यायची, ही चूक परीक्षेचा ताण असलेल्या शाळांकडून फार सहज होते. पुढच्या वर्षी पुन्हा न वाचता येणारी मुलं तिसरीत येतात आणि चक्र चालू राहतं. हातात चांगले शिक्षक मोजकेच असतील तर ते किंडरगार्टन आणि पहिलीत ठेवा. एवढा एक निर्णय मुख्याध्यापकांकडून पदरात पाडून घेतलात तरी निम्मं काम झालं.

आता आजची तिसरी. ती वाऱ्यावर सोडायची नाही, पण तिला नेमकं काय झालंय ते आधी तपासा. राज्याची परीक्षा मूल मागे आहे एवढंच सांगते, का ते सांगत नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र इथे उपयोगी पडतं: वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडता येणं गुणिले भाषा कळणं. गुणाकार असल्यामुळे दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. म्हणून आधी ठरवायचं, प्रत्येक मुलाचं अडतंय कुठे.

त्यासाठी तिसरीच्या पातळीचा एक अनोळखी उतारा घ्या आणि प्रत्येक मुलाकडून एक मिनिट मोठ्याने वाचून घ्या. मूल तीन सेकंद अडलं तर शब्द सांगून पुढे न्यायचं आणि तो चूक धरायचा. चुकून स्वतःच सुधारलं तर तो बरोबर. बोलावणं, बसवणं धरून एका मुलाला चार मिनिटं लागतात. ६० मुलं असतील तर तीन माणसं दीड तासात मोकळी होतात. न्यू जर्सीने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यामुळे किंडरगार्टन ते तिसरीची वाचन-तपासणी वर्षातून किमान दोनदा करावीच लागते. ते आकडे कपाटात पडून राहणार असतील तर ते बाहेर काढण्याची हीच वेळ.

ताडून बघायला जॅन हॅसब्रुक आणि जेराल्ड टिंडल यांचे २०१७ चे मापदंड आहेत. मधल्या क्रमांकाचं मूल मिनिटाला किती शब्द बरोबर वाचतं? पहिलीच्या शेवटी ६०, दुसरीच्या शेवटी १००, तिसरीच्या सुरुवातीला ८३ आणि शेवटी ११२. (दुसरीच्या १०० वरून तिसरीच्या ८३ वर घसरण दिसते कारण उतारा अवघड होतो आणि मध्ये उन्हाळ्याची सुट्टी येते. हे शिक्षकांना आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच बैठकीत दुसरीच्या बाईंवर खापर फुटतं.)

पण नुसत्या वेगावर जाऊ नका. एक मूल ७० शब्द वाचतं, त्यात १४ चुका, म्हणजे बरोबर ५६. दुसरं ५८ वाचतं, चूक एकच, बरोबर ५७. तक्त्यात दोघं शेजारी-शेजारी बसतात, पण दुखणं वेगळं. पहिल्याची अचूकता ८० टक्के आहे, ते अंदाजाने वाचतंय, त्याला फोनिक्समधली राहिलेली भोकं बुजवून हवीत. दुसऱ्याला अक्षरं-आवाज येतात, पण सराव नाही. तोच उतारा तीन-चार वेळा वाचणं, जोडीने वाचणं हे त्याचं औषध. आणि तिसरं एक मूल असतं: फडाफडा ११० शब्द वाचतं, आणि काय वाचलंस विचारलं की गप्प. त्याला फोनिक्सच्या गटात बसवणं म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणं. ९५ टक्क्यांपेक्षा कमी अचूकता असलेल्या मुलांची तेवढी पुढची चाचणी घ्या: साधे तीन आवाजांचे शब्द, जोडव्यंजनं, शेवटी मुका ‘ई’ असलेले, दोन स्वर शेजारी असलेले, दोन भागांचे, आणि प्रत्येक प्रकारात काही अर्थहीन शब्दसुद्धा, म्हणजे पाठांतरावर वेळ निभावता येत नाही. ज्या पायरीवर मूल अडलं तिथून त्याचा गट सुरू. गट चार-पाच जणांचा, रोज ३० मिनिटं, आठवड्यातून किमान चार दिवस, आणि वर्गातल्या मुख्य तासाव्यतिरिक्त. मुख्य तासातून उठवून नेलं तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. दर दोन आठवड्यांनी एक मिनिटाची तपासणी करा, आणि दीड महिन्यात आकडा हलला नाही तर गट बदला.

आता तुमच्या मनातल्या शंकेबद्दल. मराठी माध्यम ही तुमची कमतरता नाही. तुम्ही बाराखडीवर वाचायला शिकलात, म्हणजे चिन्ह आणि आवाज यांचं नातं कोणीतरी क्रमाने, स्पष्टपणे शिकवलं आणि घोटून घेतलं. अमेरिकेतल्या कितीतरी वर्गांत नेमकं हेच होत नव्हतं. मूल अडलं की बाई विचारत, ‘चित्रात काय आहे? पहिलं अक्षर कोणतं? इथे कोणता शब्द शोभेल?’ चित्रात घोडा, खाली छापलंय ‘पोनी’, मूल म्हणतं ‘हॉर्स’, आणि अर्थ जुळला म्हणून शाबासकी मिळते. तिसरीत चित्रं जातात आणि उघडं पडतं की मूल इतकी वर्षं वाचत नव्हतंच. तुमच्या वर्गांच्या भिंतींवर ‘चित्र बघ’, ‘शब्द सोडून पुढे जा’ असे तक्ते अजून असतील तर ते या आठवड्यात उतरवा. नवा संच आणि जुना तक्ता एकाच वर्गात असेल तर मूल सोपा रस्ता धरतं, आणि सोपा रस्ता अंदाजाचाच. अडलेल्या मुलाला म्हणायचं एकच: बोट ठेव, आवाज काढ, जोड, आणि मग अर्थ लागतो का बघ.

एक जागा मात्र अशी आहे जिथे आपल्या मराठी जिभेला सावध राहावं लागतं. आपल्या ‘ब’मध्ये ‘अ’ दडलेला असतो. ‘बॅट’ फोडून दाखवताना आपण सहज ‘ब… ॲ… ट…’ म्हणतो. मुलाच्या कानावर जे पडतं त्यात दोन जादा ‘अ’ असतात. जोडताना ते कुठे टाकायचे हे त्याला कळत नाही, आणि ते ‘बटर’सारखं काहीतरी म्हणून मोकळं होतं. इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकांचीही हीच सवय असते. फरक एवढाच, की आपल्याकडे त्यावर लहानपणापासूनचा उपाय आहे: पाय मोडलेलं अक्षर. ब्, ट्, म्, स् असे उच्चार मनात धरून म्हणा. तपासायचं असेल तर गळ्यावर बोटं ठेवा. प्, ट्, क्, स्, फ् म्हणताना गळा थरथरला तर ‘अ’ चिकटलाय असं समजा. ब्, ड्, ग् म्हणताना गळा थरथरणारच, तिथे आवाज आखूड ठेवायचा.

जोडणं शिकवताना सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा: म्, स्, न्, फ्, ल्. ‘म्म्म्मॅॅॅन्न्न’ असं न थांबता, बोट अक्षरांखालून सरकवत. मध्ये श्वास घेऊन थांबलं की पहिला आवाज मुलाच्या डोक्यातून गेलेला असतो. ब् किंवा ट् लांबवता येत नाही, म्हणून ते शब्दाच्या सुरुवातीला जरा उशिरा आणा, शेवटी आले तर चालतात. आणि ‘व’ बघा: ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘वेट’ला ओठांचा चंबू. आरशात दाखवलं तर मुलं मिनिटात पकडतात. इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ आवाजांचा भार आहे. देवनागरीसारखी ती लिपी सरळ नाही, म्हणून तिथे क्रम अधिक काटेकोर हवा, कमी नव्हे. ‘सेड’सारखा आडमुठा शब्दसुद्धा फळ्यावर नुसता पाठ करून घेऊ नका. त्यातला पहिला आणि शेवटचा आवाज नेहमीसारखाच आहे, मधली दोन अक्षरं तेवढी वेगळं वागतात. तेवढ्याच भागाखाली रेघ मारून तो लक्षात ठेवायला सांगा.

किंडरगार्टन ते दुसरीच्या फोनिक्सच्या ३० मिनिटांची विभागणी अशी धरा: ३ मिनिटं जुन्या आवाजांची फ्लॅशकार्डांवर उजळणी, ४ मिनिटं तोंडी आवाज जोडणं-तोडणं, ५ मिनिटं नवा आवाज, ५ मिनिटं शब्दसाखळी (‘मॅप’चं ‘मॅट’, त्याचं ‘सॅट’, मग ‘सॅड’, मग ‘सॅन्ड’, दर वेळी एकच आवाज बदलून किंवा वाढवून), ५ मिनिटं श्रुतलेखन, आणि ८ मिनिटं शिकवलेल्या आवाजांचंच छोटं पुस्तक. बिघडतं कुठे? जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी. उजळणी मुलांना आवडते, शिक्षकांना सोपी जाते, ती ३ ची १२ मिनिटं होते, आणि शेवटचं वाचन ‘उद्या करू’ म्हणून राहतं. आवाज येतात पण पुस्तक वाचता येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथे जन्मते. वर्गात जाल तेव्हा हातात घड्याळ ठेवा आणि प्रत्येक भाग किती वेळ चालला तेवढंच लिहा. शिक्षकाला तो कागद दाखवला की फार बोलावं लागत नाही.

आता तुमच्या पत्रातला खरा गाठीचा प्रश्न: ऑगस्टचं प्रशिक्षण दिवाळीपर्यंत का विरतं. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच हे स्वच्छ मांडलं होतं. ऐकून आणि बघून शिक्षकाला गोष्ट समजते, पण वर्गात उतरायला करून बघणं, कोणीतरी सांगणं आणि पुन्हा करणं लागतं. मिसिसिपीचं उदाहरण सगळे देतात. २०१३ मध्ये चौथीच्या राष्ट्रीय वाचन-चाचणीत ते राज्य ४९ वं होतं, २०२२ मध्ये २१ वं. बोललं जातं ते २०१३ च्या कायद्यातल्या तिसरीत नापास करण्याच्या तरतुदीबद्दल. पण राज्याने सगळ्यात मागच्या शाळांमध्ये वाचनाचे कोच पाठवले आणि शिक्षकांना वाचनाच्या शास्त्राचं लांबलचक प्रशिक्षण दिलं, हा भाग तुमच्या कामाचा आहे.

तुमच्या स्टाफ डेव्हलपरला एका वेळी चारच शिक्षक द्या, सहा आठवड्यांसाठी. प्रत्येकाबरोबर आठवड्याला ३० मिनिटं पाठाची तालीम, २० मिनिटं वर्गात, आणि चोवीस तासांच्या आत १५ मिनिटं बोलणं. चौघांचे मिळून २६० मिनिटं, म्हणजे आठवड्याला साडेचार ताससुद्धा नाहीत. शाळेला हे न परवडण्यासारखं काही नाही. अडचण एकच: कोणी रजेवर गेलं की बदली शिक्षक म्हणून पहिली उचलबांगडी कोचची होते. मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या की ते साडेचार तास कोणत्याही कारणाने हलणार नाहीत. ही गोष्ट बसली नाही तर बाकी सगळं कागदावर राहील.

तालीम म्हणजे चर्चा नव्हे. शिक्षिका उभी राहते, उद्याची शब्दसाखळी मोठ्याने, हातवाऱ्यांसकट करते. कोच मूल होऊन मुद्दाम चुकते: ‘सॅट’च्या जागी ‘सॅप’ म्हणते. शिक्षिकेने तिथल्या तिथे काय म्हणायचं? ‘नाही, परत बघ’ म्हणून भागत नाही. ‘शेवटच्या अक्षरावर बोट ठेव. आवाज काय? आता पूर्ण वाच.’ हे वाक्य तिच्या तोंडात बसेपर्यंत तीन वेळा. पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं. म्हणून आधी कोचने करून दाखवावं, आणि तुम्हीही करावं. साहाय्यक मुख्याध्यापिका सगळ्यांसमोर उभी राहून ‘म्म्म्मॅॅॅन्न्न’ म्हणते हे बघितलं की बाकीच्यांचा संकोच निम्मा होतो.

वर्गानंतरच्या बोलण्यात एकच गोष्ट. समजा श्रुतलेखनाच्या वेळी सहा मुलं शेजाऱ्याचं बघून लिहीत होती, वेग मंद होता, आणि फळ्यावरचं अक्षर बारीक होतं. तीन गोष्टी सांगितल्या तर एकही होत नाही. ‘उद्या शब्द सांगितल्यावर मुलांना आधी बोटांवर आवाज मोजायला लावा, मग पेन्सिल उचलायची’ एवढंच सांगा, तिथेच एकदा करून घ्या, आणि पुढच्या भेटीत तेवढंच बघा. कोचच्या नोंदी शिक्षकांच्या मूल्यमापनाच्या फाइलमध्ये जाता कामा नयेत. ते काम मुख्याध्यापकांचं, आणि हे दोन्ही वेगळं आहे असं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करा. जिथे ही सीमा पुसली जाते तिथे शिक्षक कोच आली की ठेवणीतला पाठ काढतात आणि खरी अडचण कधीच दिसत नाही. मुख्याध्यापकांनीही आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटं वर्गात जावं आणि त्या महिन्याची जी एक गोष्ट ठरली असेल तीच बघावी. कोच एक सांगते आणि मुख्याध्यापक दुसरंच शोधतात, यात शिक्षकांची फरफट होते.

जुन्या शिक्षकांचं ‘दर दोन वर्षांनी नवं येतं’ हे म्हणणं खरं आहे, ते मान्य करा. २०२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने आपला ‘रीडिंग अँड रायटिंग प्रोजेक्ट’ बंद केला, ज्याचे स्टाफ डेव्हलपर कित्येक दशकं देशभरच्या शाळांत जात होते. ज्यांनी त्या प्रकल्पाची पद्धत (अडलं की चित्रावरून अंदाज करणं हा तिचाच भाग) मन लावून शिकवली त्यांना आज ‘तुमचं चुकलं’ असं ऐकायला लागतंय. त्यांनी जे दिलं गेलं ते निष्ठेने शिकवलं. वर्गातली पुस्तकांची कपाटं, मुलांना मोठ्याने वाचून दाखवणं, मुलांनी रोज काहीतरी लिहिणं ही त्यांचीच देणगी आहे, आणि ती ठेवायची आहे. बदलायचंय ते मूल शब्दाला अडल्यानंतर काय करायचं ते. असं नेमकं सांगितलं की विरोध बराच मावळतो. आणि दोन वर्षं दुसरा कुठलाही नवा कार्यक्रम आणणार नाही हा शब्द द्या, आणि पाळा.

तिसरी ते पाचवीसाठी आणखी एक. परीक्षेच्या धास्तीने ‘मुख्य कल्पना शोधा’चे उतारे रोज सोडवून घेणं थांबवा. १९८८ मध्ये डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं. ज्यांना खेळ माहीत होता पण वाचन कच्चं होतं, त्यांना खेळ न कळणाऱ्या उत्तम वाचकांपेक्षा जास्त समजलं. आपल्याला हे पटवायला प्रयोगसुद्धा नको. ज्याने कधी क्रिकेट बघितलं नाही त्याच्यापुढे ‘नाइट वॉचमन पायचीत’ हे वाक्य ठेवा, प्रत्येक शब्द वाचता येईल आणि हाती काही लागणार नाही. म्हणून विज्ञान आणि समाजशास्त्राचे तास कापून वाचनाला देऊ नका. उलट तीन-चार आठवडे एकच विषय धरा, समजा नद्या आणि धरणं. त्यावर वाचा, वाचून दाखवा, लिहून घ्या. लिहिण्याची सुरुवात एका वाक्याने: ‘धरण बांधलं कारण…’, ‘धरण बांधलं पण…’, ‘धरण बांधलं म्हणून…’. तीन शेवट इंग्रजीत लिहायला लावले की मुलाला काय कळलंय आणि काय नाही ते दोन मिनिटांत दिसतं. घरी स्पॅनिश, गुजराती किंवा आपली मराठी बोलणाऱ्या मुलांना त्या विषयावर घरच्या भाषेत बोलायला सांगा. ज्ञान कोणत्या भाषेतून आलं याने फरक पडत नाही. पालकांना ‘घरी इंग्रजीच बोला’ असा सल्ला शाळेतून जात असेल तर तो बंद करा.

राहिला चार्टरच्या नूतनीकरणाचा प्रश्न. न्यू जर्सीत तो निर्णय राज्याच्या शिक्षण विभागाचा असतो आणि तिथे तिसरीचा आकडा बघितला जाणारच. दोन वर्षांत तिसरीत बसणारी मुलं आज पहिलीत आहेत. म्हणून शाळेच्या बोर्डापुढे दर तिमाहीला एकच तक्ता ठेवा. किंडरगार्टनमध्ये तीन आवाजांचे शब्द जोडून वाचणारी मुलं किती, पहिलीत मिनिटाला ६० शब्दांच्या वाटेवर किती, दुसरीत १०० च्या वाटेवर किती, तिसरी ते पाचवीच्या गटांतून किती मुलं बाहेर पडली, आणि ठरलेल्या कोचिंगच्या भेटींपैकी प्रत्यक्ष किती झाल्या. पहिल्या तिमाहीला ही शेवटचीच ओळ सगळ्यात जास्त बोलेल. बोर्डाची बैठक सुरू झाली की बोट आधी तिच्यावर ठेवा.